चुकीचा वापर

भाऊ : आणि दारावर ती काय पाटी लावलीयेस! ‘तुम्ही यंत्र चुकीचं वापरता? मग आत या.’ अगं, हे कॉलेज आहे की काय आहे?

बहीण : दादा, ते टेबल तिकडून धर आधी. तोंड आणि हात एकदम चालतात ना तुझे?

भाऊ : हे घे, धरलं. पण मला कळू दे. लोक आपल्या पायांनी चालत येणार आणि भर सभागृहात सांगणार, की आम्ही कंपनीचं ऐकत नाही, मशीन आम्हाला वाटेल तसं चालवतो?

बहीण : येणार म्हणजे? निघालेत. व्यायामशाळेचे मास्तर त्यांचं पळायचं मशीन टेम्पोत घालून आणतायत. कित्येक वर्षं ते त्यावर टॉवेल वाळत घालतात.

भाऊ : मास्तर?

बहीण : स्वतः. फोनवर म्हणाले, बाई, मला हे एकदाचं कुणीतरी विचारायला हवंच होतं. आणि आपले ग्रंथपाल येतायत. लायब्ररीच्या आपोआप सरकणाऱ्या दारात ते ज्ञानकोशाचा जो खंड अडकवून ठेवतात, तो घेऊन.

भाऊ : ते दार माझ्या विभागाने बसवलंय!

बहीण : म्हणूनच तुला सांगत नव्हते.

भाऊ : चिमे, हसण्यावारी नेऊ नकोस. चार वाजता बैठक आहे. तुझा विषय ठेवायचा की बंद करायचा, हे आज ठरणार. आणि मी यंत्र विभागाचा प्रमुख म्हणून हात वर करणार तो बंद करायच्या बाजूने. तुला तोंडावर सांगतोय, मागून कळायला नको.

बहीण : माहितीये मला.

भाऊ : बहीण आहेस म्हणून मत देणार नाही.

बहीण : मागितलंय का मी? कधी एका शब्दाने?

भाऊ : नाही मागितलंस. तेच तर टोचतंय. विषय गेला तर तुझी नोकरी जाईल.

बहीण : नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, मी दुसऱ्या गावाला जाईन. आई इथे एकटी पडेल. हे सगळं मला तोंडपाठ आहे. तू खुर्च्या लाव.

भाऊ : पण तूच सांग ना, काय शिकवलंस वर्षभर? ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज.’ नाव भारदस्त. पोरं त्याला गप्पांचा तास म्हणतात.

बहीण : ते नाव तूच पाडलंयस, हेही मला माहितीये.

भाऊ : बरं, पाडलं. पण चुकीचं पाडलं का? इंजिनिअरिंग, नर्सिंग, कायदा, इतिहास, सगळी पोरं एका वर्गात कोंबायची आणि बोलत बसायचं. माझ्या पोरांना ते तास वर्कशॉपसाठी हवेत.

बहीण : नुसतं बोलत नाही बसत. दोन नियम आहेत. प्रत्येक टेबलावर दोन पोरं, वेगवेगळ्या शाखांची. समोरच्या माणसाला ‘असं का करता?’ विचारायचं नाही. ‘का’ म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. विचारायचं, ‘असं केल्याने तुम्हाला काय मिळतं?’

भाऊ : आणि दुसरा?

बहीण : जड शब्द वापरला की उभं राहायचं. दुसऱ्या शाखेचं कुणीतरी तो साध्या भाषेत सांगेपर्यंत बसायचं नाही. आणि बरोबर सांगितला की नाही, ते ज्याने शब्द वापरला त्यानेच ठरवायचं.

भाऊ : माझी पोरं उभी राहतात?

बहीण : सुरुवातीला तुझी पोरं आख्खा तास उभी असायची. कायद्याची तर कोर्टाची भाषाच सोडेनात, पाय दुखायला लागले तेव्हा ताळ्यावर आली. नर्सिंगवाल्यांना जमतं, त्यांना पेशंटशी बोलायचं असतं.

भाऊ : पण मूळ मुद्दा तसाच राहतो. तू पोरांना शिकवतेस की लोक करतील ते शहाणपण, आणि इंजिनिअर तेवढे गाढव.

बहीण : हे मात्र साफ खोटं! गेल्या आठवड्यात रंगीत तालीम घेतली, तेव्हा सलूनवाले आले होते. दुकानात त्यांनी फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली. इतिहासाचा एक पोरगा लागला कौतुक करायला, काय डोकं चालवलंय म्हणून. मी तिथल्या तिथे झापलं त्याला. म्हटलं, अरे, त्यांचं दुकान पेटेल ना!

भाऊ : बरं केलंस.

बहीण : आणि मग तुझीच विद्यार्थिनी पुढे झाली. ती चष्मेवाली.

भाऊ : आमच्या डबीचं झाकण करणारी? हुशार आहे ती.

बहीण : तिने विचारलं, काका, या तारेने तुम्हाला काय मिळतं? ते म्हणाले, गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं कापून झालेलं असतं आणि नेमकी वीज जाते, तोंड लपवायला जागा उरत नाही. ती संध्याकाळी दुकानात गेली. बघते तर पंखा, ड्रायर आणि पाणी तापवायचं, सगळं एकाच लाईनवर. वायरमनला बोलावून लाईन वेगळी करून घेतली, तार काढली, नवा फ्यूज घातला. तुझ्या वर्गात ती फ्यूज शिकली. पण सलूनवाल्यांनी तिला दुकानात येऊ दिलं, ते माझ्या तासामुळे.

भाऊ : हे मला कुणी सांगितलं नाही.

बहीण : तू गप्पांच्या तासाबद्दल कधी विचारतोस?

भाऊ : तरीपण. ऐक, बैठकीत मी काय सांगणार आहे ते. वर्कशॉपच्या तासांत आम्ही काय केलं? आईची डबी! भिंतीवर एवढीशी डबी. म्हातारं माणूस घरात हललं की डबीला कळतं, माझ्या फोनवर हिरवा दिवा. सकाळी आठपर्यंत हालचाल नाही झाली, किंवा नंतर मधेच दिसेनाशी झाली, तर लाल. आता मला रोज उठून आईला फोन करावा लागत नाही, तिला पण त्रास नाही.

बहीण : पण ती मधूनमधून बिघडते ना?

भाऊ : बिघडत होती! मधूनच लाल दिवा. मी हातातलं टाकून धावत सुटायचो. दोन गल्ल्या, पण छातीत धडधड व्हायची गं. आणि जाऊन बघतो तर आई ठणठणीत. डबी बदलून झाली, वायर बदलून झाली. शेवटी माझ्या लक्षात आलं. जेव्हा जेव्हा डबी बिघडली, तेव्हा तेव्हा गॅसवर आधण उकळत होतं.

बहीण : मग?

भाऊ : मग काय! वाफ! वाफेने डबीचा डोळा धूसर होतो. पोरांनी कोष्टकं मांडली, वाफ आत जाणार नाही असं झाकण बनवलं, परिषदेत टाळ्या घेतल्या. पोरांना घर कुणाचं ते सांगितलेलं नाही हं, उगाच भीड नको. कागदावर नुसतं ‘घर एक’.

बहीण : झाकण लावल्यापासून लाल दिवा थांबला?

भाऊ : ... दोनदा आला परत. दुसरं झाकण करतायत.

बहीण : आईला विचारलंस कधी?

भाऊ : आईला काय विचारायचं? वाफ आहे ती, मोजायची असते. आईला त्यातलं काय कळणार?

बहीण : बरं. ती टेबलं झाली. जा आता, माणसं यायला लागली. आणि चारच्या आधी एक चक्कर मार. बहिणीसाठी नाही. यंत्र विभागाचा प्रमुख म्हणून.

*

विद्यार्थिनी : बसा आजी, इथे पंख्याखाली. माझा जोडीदार नर्सिंगचा आहे, तो मास्तरांचं मशीन टेम्पोतून उतरवायला गेलाय. काय गर्दी झालीये ना? तुम्ही काय आणलंत?

आई : हे.

विद्यार्थिनी : फडकं?

आई : फडकं, आणि त्याच्याबरोबरचं हे. थांब, पिशवीत तळाशी गेलंय. ही डबी. ओढून काढली तर भिंतीचा रंग पण आला बरोबर.

विद्यार्थिनी : अय्या! आजी, ही आमची डबी आहे! हे झाकण मी केलंय!

आई : तू केलंस? छान आहे गं. पुसायला सोपं जातं.

विद्यार्थिनी : म्हणजे तुम्ही ‘घर एक’! वर्षभर मी तुमच्या स्वयंपाकघराची कोष्टकं करतेय. तुमच्याकडे वाफ किती, खिडकी कुठे, सगळं मला पाठ आहे.

आई : आणि मला तू आजच दिसतेयस. एकदा यायचंस की घरी.

विद्यार्थिनी : ... हो ना. कसं सुचलं नाही? बरं, नियमाने विचारते हं. आजी, तुम्ही या डबीचं काय करता?

आई : झाकते. या फडक्याने. झाकण नव्हतं तेव्हाही झाकत होते, आता झाकणासकट झाकते.

विद्यार्थिनी : झाकता?

आई : रोज नाही हं. मनात आलं की.

विद्यार्थिनी : पण का... नाही, नाही. ‘का’ नाही विचारायचं. आजी, झाकल्याने तुम्हाला काय मिळतं?

आई : मुलगा मिळतो.

विद्यार्थिनी : मुलगा?

आई : तोंड मिट गं, माशी जाईल. सांगते. डबी नव्हती तेव्हा माझा मुलगा रोज सकाळी फोन करायचा. ‘उठलीस का, झोप लागली का, गुडघा काय म्हणतोय?’ कामावर जाताना कधी डोकावायचा. मग त्याने ही डबी आणली. इतक्या हौसेने बसवली म्हणून सांगू! भिंतीला भोक पाडताना स्वतःशी गाणं म्हणत होता. आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. हिरवा दिवा दिसतो ना त्याला. आई उठली, आई ठीक, आई संपली.

विद्यार्थिनी : मग तुम्ही...

आई : मग एकदा फडकं वाळत घालताना चुकून डबीवर पडलं. थोड्या वेळात हा दारात! केस विस्कटलेले, चप्पल उलटसुलट. मला बघून असा काही हसला. मग डबी उघडून बसला. हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि मान खाली घालून गप्पा. ऑफिसातलं, बायकोचं, मुलांचं, सगळं. अर्धा तास! मी म्हटलं, हे बरंय.

विद्यार्थिनी : आणि मग दर वेळी...

आई : फडकं टाकायचं आणि लगेच आधण ठेवायचं. तो येईपर्यंत चहा व्हायला हवा ना.

विद्यार्थिनी : आधण! आजी, तुम्ही आधण त्याच्यासाठी ठेवायचात? आधी फडकं आणि मग वाफ? अरे देवा. अरे देवा! आम्ही उलटं धरलं!

भाऊ : आई? तू इथे काय करतेयस? आणि डबी... अगं, भिंतीवरून उपटून आणलीस?

विद्यार्थिनी : सर? या तुमच्या आई?

आई : ये, दादा. कधीपासून उभा आहेस मागे?

भाऊ : आत्ता. म्हणजे... फडकं वाळत घालण्यापासून.

आई : मग सगळंच ऐकलंस की.

भाऊ : नाही, पण आई, तुझा काहीतरी गोंधळ होतोय. एखाद्या वेळी झाकलं असशील. बाकी सगळं वाफेमुळे. डबीचे ते सरळसरळ फॉल्स निगेटिव्ह होते. आमच्याकडे कोष्टकं आहेत.

विद्यार्थिनी : सर... सॉरी हं. तुम्हाला उभं राहावं लागेल.

भाऊ : मी उभाच आहे!

विद्यार्थिनी : मग तसेच राहा, सर. ‘फॉल्स निगेटिव्ह’ जड शब्द आहे. मी सांगू शकत नाही, मी तुमच्याच शाखेची. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवा.

भाऊ : कोण सांगणार इथे?

आई : मी सांगते. फॉल्स म्हणजे खोटं, ते मला येतं. निगेटिव्ह म्हणजे नाही. म्हणजे मी घरात चालतीफिरती आहे, हातात झारा आहे, आणि तुझा फोन म्हणतो, आई नाही. खोटा नकार. असंच ना?

विद्यार्थिनी : ज्याने शब्द वापरला त्याने पास करायचं असतं, सर.

भाऊ : बरोबर आहे. पास.

आई : थांब, बसू नकोस. आता मी विचारते. मध्यंतरी एक दिवस मला ताप होता. अंग असं फणफणलेलं. घशाला कोरड पडली म्हणून भिंत धरधरून पाण्याला उठले. तुझ्या फोनवर काय आलं?

भाऊ : ...हिरवा दिवा.

आई : त्याला काय शब्द आहे तुमच्याकडे?

भाऊ : तू तापाचं सांगितलं नाहीस मला!

आई : तू विचारलं नाहीस मला. शब्द सांग.

विद्यार्थिनी : सर, त्याला शब्द नाहीये ना? डबीच्या हिशेबाने ते बरोबर उत्तर आहे. तुम्ही हललात, तिने हो म्हटलं. आम्ही ते बरोबर उत्तरांत मोजलंय. माझ्या कोष्टकात तो दिवस बरोबर म्हणून लिहिलाय.

भाऊ : हो. शब्द नाहीये.

आई : अरे, असा रडवेला काय होतोस! मी आहे ना समोर. बस बघू आता. डबी वाईट आहे असं मी कुठे म्हटलं? उद्या बाथरूममध्ये घसरले तर तीच बोंब मारणार. चांगली आहे डबी. पण ती तुझ्याऐवजी नको, तुझ्याबरोबर हवी. एवढंच सांगायचं होतं आणि कुणी विचारतच नव्हतं. या पोरीने विचारलं.

विद्यार्थिनी : सर, माझं झाकण चुकलं का हो?

भाऊ : नाही बेटा. झाकण उत्तम आहे, त्यातून वाफ काय, मुंगी जाणार नाही. प्रश्नच मी तुला चुकीचा दिला. आणि आज बरोबर प्रश्न तू कुठे शिकून आलीस, तेही दिसतंय मला.

विद्यार्थिनी : गप्पांच्या तासाला, सर. तो काढू नका ना. वर्कशॉपमध्ये मी डबी बनवायला शिकले. ती कुणाच्या भिंतीवर जाते, ते मला इथे कळलं. मला दोन्ही हवंय.

भाऊ : किती वाजले?

विद्यार्थिनी : चार वाजतायत.

भाऊ : आई, ते फडकं दे इकडे.

आई : कशाला रे? मळकं आहे ते.

भाऊ : असू दे. बैठकीला नेतो.

*

बहीण : आई! आई, अगं, दार उघड!

आई : उघडंच आहे. ओरडतेस काय, शेजारी धावत येतील. काय झालं? चेहरा दाखव आधी.

बहीण : पास! पास झालं! सगळ्या शाखांना सक्तीचं! आणि मला कायम केलं! मी कुठे जात नाही आता, इथेच तुझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार!

आई : अगं, सोड, पडेन मी. बस खाली. रडतेस का हसतेस?

बहीण : दोन्ही. मला कळतच नाहीये. आई, तू काय जादू केलीस गं? दादा आत आला तो हातात फडकं घेऊन. मला काही पत्ता नाही, मला वाटलं कुठे सांडलंबिंडलं. प्राचार्यबाई म्हणाल्या, यंत्र विभागाचं मत? आणि दादाने ते फडकं टेबलावर पसरलं. सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. परिषदेतल्या टाळ्या पण सांगितल्या.

आई : सगळ्यांसमोर?

बहीण : सगळ्यांसमोर. आणि बोलता बोलता ‘फॉल्स निगेटिव्ह’ म्हणाला आणि खुर्ची मागे सारून ताडकन उभाच राहिला. प्राचार्यबाईंना वाटलं, सभात्याग करतोय! त्याने नियम समजावून सांगितला. मग कायद्याचे प्रमुख म्हणाले, थांबा, मी सांगतो. चोर समोर उभा आहे आणि पोलीस म्हणतात इथे कुणी नाही. दादा म्हणाला, पास, आणि बसला.

आई : मी त्याहून बरं सांगितलं होतं.

बहीण : ऐक तर! रसायनवाले सर उठून म्हणाले, ते सगळं ठीक, पण या विषयाची फलनिष्पत्ती काय? दादा म्हणाला, सर, उठलाच आहात तर आता बसू नका. ‘फलनिष्पत्ती’ कोण सांगतंय? आई, कुणालाच येईना! वर्षानुवर्षं सगळे तो शब्द अहवालात लिहितायत! मग हिशेबवाले मदतीला गेले, तर ते ‘निकषांची परिपूर्ती’ म्हणाले, तेही उभे. प्राचार्यबाईंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, अहो, हा आंतरविद्याशाखीय विषय आहे, त्याला... आणि जीभ चावून स्वतःच उठल्या.

आई : बाई पण?

बहीण : बाई पण! मग रसायनवाले सर उभ्याउभ्याच चिडून म्हणाले, आंतरविद्याशाखीय म्हणजे काय, माझ्या तासावर दुसऱ्याने येऊन बसायचं! बाई म्हणाल्या, अगदी बरोबर, पास! काय हशा पिकला म्हणून सांगू. शेवटी मतदानाला हात वर करा म्हटलं, तेव्हा अर्धी खोली उभीच होती.

आई : आणि रसायनवाले?

बहीण : विरोधात. जाताना मला म्हणाले, मी विरोधात आहे, पण वर्गाला येणार आहे, बघतो काय शिकवता ते. येऊ देत की! आणि अजून एक राहिलंच. संध्याकाळचा वर्ग सुरू करायचा ठरलंय. गावातल्या कुणीही यायचं. शिक्षणाची अट नाही, वयाची नाही, काही नाही. मास्तर, सलूनवाले, सगळ्यांनी आजच नावं दिली.

आई : माझं घातलंस?

बहीण : तुझं आधीच दुसऱ्या कुणीतरी घातलंय. पहिलं.

भाऊ : मी घातलं. येऊ का आत?

आई : विचारतोस काय, ये. हातात काय आणलंस? स्क्रू-ड्रायव्हर?

भाऊ : डबी परत लावायची ना. का नको?

आई : लाव की. पण जरा खाली लाव, मला हात पोचत नव्हता नीट.

बहीण : आई!

आई : गंमत करतेय गं.

भाऊ : चिमे, वर्षभर तुझ्या तासाला नावं ठेवली मी. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना हसवायचो त्यावर. पुढच्या वर्षी माझ्या विभागाचा पहिला तास तू घे. मी मागच्या बाकावर बसतो.

बहीण : बसशील? मला तर वाटतं, तू उभाच राहशील.

भाऊ : राहीन. पाय मजबूत आहेत माझे.

आई : आणि माझं फडकं कुठाय? ते परत नाही आणलंस?

भाऊ : ते नाही मिळायचं आता. प्राचार्यबाईंनी ठेवून घेतलं. दर्शनी काचेच्या कपाटात लावणार आहेत, करंडकांच्या शेजारी.

आई : अरे, पण न धुता?

*

भाऊ : हॅलो, आई? उठलीस का?

आई : अरे, आठ पण नाही वाजले. डबीच्या समोरून दोनदा गेले मी. हिरवा दिवा नाही लागला का?

भाऊ : लागला की. मघाशीच.

आई : मग फोन कशाला केलास?

भाऊ : तिला विचारून झालं. आता तुला विचारतोय. झोप लागली का? गुडघा काय म्हणतोय?

आई : तो काय म्हणणार! जिना उतरताना ओरडतो जरा. फोनवर नाही सांगत सगळं, ये.

भाऊ : येतोच. चहा करशील?

आई : आधण कधीचंच ठेवलंय.